साडेदहापर्यंत कोरा फळा

एखाद्या कोऱ्या फळ्यावर तुम्ही कधी जळला आहात का? मी जळले आहे. अकरा वर्षं. बस डेपोच्या कँटीनमध्ये, मोरीशेजारच्या भिंतीवर तो टांगलेला असायचा, आणि तो माझ्या धाकट्या जावेचा होता.

ती तिथली स्वयंपाकीण. सकाळी सहाला येते, शेगड्या पुसते, आणि आज जेवायला काय हे ठरवतच नाही. नदीपलीकडच्या मळ्यांतून तिघं-चौघं सायकलींवर भाजी घेऊन येतात. ती शेंग कानाशी धरून मोडते. कट्कन वाजली तर घ्यायची, नाहीतर "ही घरी न्या, बायको काही बोलणार नाही." पालकाचा देठ चावून बघते, भोपळ्यावर टिचकी मारते, आणि साडेदहाला ओल्या हातानंच फळ्यावर खडूनं लिहायची. तोवर कुणी विचारलंच, तर म्हणायची, "अजून आलंच नाही, ते सांगू कसं?" मुळ्याचा पाला, भोपळ्याची साल, कोबीचा दांडा, काही फेकत नाही. सगळं कशात ना कशात जातं आणि ड्रायव्हर, मेकॅनिक बोटं चाटत उठतात.

आता माझं ऐका. 'जवळचं खा, ताजं खा, ऋतूचं खा' हे इथे पहिल्यांदा मी छापलं. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या बाकावर बसून स्वतः शिकले. पंधरा वर्षं डेपोच्या फाटकाशी उभी राहून पत्रकं वाटली, घसा कोरडा केला. लोक मला 'पत्रकवाली' म्हणतात. एकदा फोरमननं माझ्यादेखत माझ्याच पत्रकाला हाताचं ग्रीस पुसलं आणि वर म्हणाला, "वहिनी, उगाच दमता तुम्ही. हे सगळं तुमच्या जाऊबाई रोज खाऊ घालतातच की आम्हाला!"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. ही बाई एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरात आली, तेव्हा भात करपवायची. कँटीनमध्ये लागली तीसुद्धा ताटं विसळायला. जुन्या आचाऱ्याचे गुडघे गेले, म्हणून आठवडाभरापुरतं तिला शेगडीपाशी उभं केलं. तो आठवडा अजून संपला नाही. सभेत बसवा, दहा मिनिटांत पेंगते. कुणी कौतुक केलं की म्हणते, "मी काय केलं? भाजीच चांगली होती." असं बोलून तर ती मला दुप्पट जाळते.

कँटीन समितीत कामगारांच्या वतीनं मी आहे. गेल्या वर्षी मी ठराव मांडला: वर्षभराचं छापील ऋतुपत्रक. कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, कुठली इथलीच भाजी. महिनाभर पुस्तकं धुंडाळून केलं. खाली माझं नाव, चांगलं ठळक.

जावेनं ते उलटसुलट करून पाहिलं. "छान छापलंय हो, ताई. पण हे वाटाण्याला कोण कळवणार?"

"तुला शिस्तीचा त्रास होतो, दुसरं काही नाही," मी म्हटलं. समितीतले हसले. ठराव पास झाला. फळा उतरवला, तेव्हा मला जे बरं वाटलं, ते इथे लिहायची लाज वाटते.

त्या वर्षी थंडी तीन आठवडे उशिरा आली. मळ्यांत वाटाण्याला नुसती फुलं, आणि पत्रकात सोमवार ते गुरुवार वाटाणा. ऑफिसचा कारकून रोज कागदाशी ताडून खूण करायचा, पळवाट नाही. मग दोन दिवसांचा प्रवास करून ट्रकनं बर्फातला वाटाणा आला. माझ्या ऋतुपत्रकाखातर!

पहिल्याच सोमवारी मी फाटकाशी होते. मळेवाला पालकाच्या जुड्यांनी लादलेली सायकल धरून उभा होता. पानं अजून ओली होती. जाऊ बाहेर आली. "ताई, कागदावर नाव तुमचं आहे. तुम्ही एक शब्द बोला, मी हा पालक घेते."

फोरमन बघत होता. चार ड्रायव्हर बघत होते. मी म्हटलं, "ठरलं ते ठरलं."

मळेवाल्यानं सायकल वळवली. जावेनं त्याच्यासाठी फाटक धरून ठेवलं.

तीन आठवडे लोकांनी ताटात वाटाणा टाकला. 'बाईचा हात बिघडला' अशी तक्रार गेली. समितीनं तिला उभं करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जमलं नाही मला." माझं नाव घेतलं नाही. मी समोरच बसले होते, तरी तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगू? तिचा तो मोठेपणाही मला खुपला. चार शिव्या दिल्या असत्या, तर मलाही चार देता आल्या असत्या.

त्याच तक्रारीवर बोट ठेवून आता ऑफिसला स्वयंपाकघरच नको झालंय. बाहेरून बंद डबे येणार, ते गरम करून वाढणार. शेगड्या निघणार, मळेवाल्यांच्या सायकली फाटकावरूनच परत जाणार, आणि तिला डब्यांची झाकणं काढायचं काम. येत्या शुक्रवारी चार वाजता कँटीनमध्येच मतदान आहे.

पहिली मी उठणार आहे. वाटाणा कुणी आणवला, पालक कुणी परत पाठवला, ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. सगळे तिच्याच बाजूनं बोलतील, माझ्या अंगाचा तिळपापड होईल, तेही मला ठाऊक आहे. होऊ दे. पण समितीत डबेवाल्यांच्या बाजूचे जास्त आहेत, माझ्या एकटीच्या बोलण्यानं काही हलणार नाही. सभा सगळ्यांना खुली आहे, आणि डेपोत जेवणाऱ्या प्रत्येकाला मत आहे. तुम्ही तिच्या हातचं एकदा जरी खाल्लं असेल, तर सह्यांचा कागद पाठवू नका. स्वतः या, आणि शेगड्या ठेवा म्हणून हात वर करा.