कुमुदताईंची सुट्टी

कुमुदताई बसल्या की झोपायच्या. अमेरिकेत आल्यावर पार्सिपनीतल्या आमच्या पहिल्या गणपतीत मी त्यांना पाहिलं, तेही असंच. आरती संपून लोक प्रसादाला वळले होते आणि आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला, मांडीवर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग घेऊन, मोतिया साडीतली एक बाई ताठ बसून झोपली होती. मी हलकेच माझा कोट ओढायला लागले, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "निळा तुझा का? सगळ्यात खाली आहे. ओढू नको, मी देते." मी ओशाळून म्हटलं, झोपमोड केली. "मी झोपून नाही राहिले गं," त्या म्हणाल्या, "ऐकून राहिले." आणि कोट देऊन पुन्हा डोळे मिटले.

नागपूरहून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण 'करून राहिले, ऐकून राहिले' सुटलं नव्हतं. नागपुरात त्या डॉक्टर होत्या. इथे आल्यावर दोन मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, आणि मग चाळिशीच्या तोंडावर परीक्षा देऊन त्या पुन्हा पहिल्या पायरीपासून रेसिडेन्सी करत होत्या. बरोबरची मुलं त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हॉस्पिटलमधून सलग ड्यूटी करून यायच्या आणि घरी सासूबाई. माई. माईंना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवंडांची नावं. श्रीकांतराव इंजिनियर, मोठ्या कंपनीत, स्वभावाने दिलखुलास. आईवर त्यांचा फार जीव होता. ते तसं सगळ्यांना सांगायचेही. माईंचं न्हाणं, जेवण, औषधं मात्र कुमुदताईंकडे होतं आणि ते तसंच असणार, हे कधी कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं.

फेब्रुवारीत मुलांच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत श्रीकांतराव सगळ्यांना व्हरमाँटला स्कीइंगला न्यायचे. आम्ही पार्सिपनीत आल्याच्या दुसऱ्या वर्षापासून आमचं कुटुंबही त्यात सामील झालं. ते गाव स्वित्झर्लंडच्या गावासारखं मुद्दाम बांधलेलं होतं. लाकडी सज्जे, खिडक्यांच्या झडपांवर रंगवलेली फुलं, मधोमध घड्याळाचा मनोरा. गाड्या बाहेरच ठेवायच्या आणि आत छोट्या बसने फिरायचं. सगळं मुलांसाठी. छोट्यांसाठी सौम्य उताराची टेकडी, त्याहून छोट्यांसाठी पाळणाघर, आणि चौकात अस्वलाचा वेश घातलेला एक माणूस दिवसभर मुलांना कवेत घेत उभा असायचा. लॉजमध्ये ओल्या लोकरीचा, फ्रेंच फ्राइजचा आणि हॉट चॉकलेटचा मिळून एक वास भरलेला असे. अमेरिकन कुटुंबं तिथे इतकी सैल, इतकी निवांत बसलेली दिसायची की मला त्यांच्याकडे बघूनच दमायला व्हायचं.

आमचं तसं नसायचं. आदल्या रात्रीपर्यंत पुऱ्या तळणं, दशम्या, चिवडा, कुकर, मसाल्याचा डबा, मुलांच्या कपड्यांचे थरावर थर, आणि हे सगळं गाडीत कोंबून बर्फातून दिवसभराचा ड्राइव्ह. पोचल्यावर भाड्याचे स्कीचे बूट. एकेक बूट पाट्यासारखा जड. तो मुलाच्या पायात घालायचा म्हणजे गुडघ्यावर बसून सगळं अंग लावावं लागे, आणि घालून झालं की मूल म्हणे, "मॉम, आय नीड द बाथरूम." आमच्या पहिल्याच खेपेला तिथल्या भाड्याच्या घरात मी फोडणी टाकली आणि धुराची घंटा वाजली. शेजारचे गोरे आजोबा धावत आले. कुमुदताईंनी खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने धूर हाकलला, खाली उतरल्या, त्याच खुर्चीवर बसल्या आणि झोपल्या.

त्या डोंगरावर कधीच गेल्या नाहीत. "तुम्ही जा," म्हणायच्या. "माईंजवळ कोणी पाहिजे ना." त्यांची मुलगी मीना तेव्हा बारा वर्षांची. ती एकदा माझ्याजवळ म्हणाली, "माय मॉम कम्स हिअर टु डू द सेम थिंग विथ अ बेटर व्ह्यू." बोलण्यात तक्रार नव्हती. जे दिसत होतं ते तिने सांगितलं.

आमच्या तिसऱ्या खेपेच्या वेळी माईंची तब्येत जास्त बिघडलेली होती. त्यांना न्यावं की नाही यावर घरात चर्चा झाली. "आईला सोडून मी मजा करायला जाणार नाही," श्रीकांतराव म्हणाले, म्हणून माई आल्या. कुमुदताई तर हॉस्पिटलमधून थेट गाडीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डोंगरावर गेले. मी मुलांचं दूध आणायला चौकातल्या दुकानात गेले होते. परत आले तर आमच्या घराचं दार सताड उघडं. आत कुमुदताई सोफ्यावर झोपलेल्या, हातात दहीभाताचा वाडगा तसाच, चमचा गालिच्यावर. माईंची खुर्ची रिकामी.

"कुमुदताई, माई कुठे?"

त्या उठल्या त्या उभ्याच राहिल्या. न्हाणीघर पाहिलं, खोल्या पाहिल्या. माईंचा कोट खुंटीवर होता. बूट दाराशी. शाल नव्हती आणि सपाता नव्हत्या.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. त्या गावात माणूस हरवला तर शोधायचा कसा, हे मला तेव्हा कळलं. सगळेच टोपी, गॉगल, स्कार्फमध्ये गुंडाळलेले, कोणाचा चेहरा म्हणून दिसत नाही. स्पीकरवर आनंदी गाणी. कुमुदताई घरातल्या साडीवर कोट चढवून पुढे पळत होत्या, घसरत होत्या, आणि माई, माई म्हणून हाका मारत होत्या. आवाज चढवून नाही. वॉर्डात पेशंटला उठवतात तशा, एकसारख्या. लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि हसून बघत होते. त्यांना वाटलं असेल, मूल पुढे पळालंय.

चौकातल्या अस्वलाला मी विचारलं. त्याने डोकं काढलं. आतून पन्नाशीचा, टक्कल पडलेला, घामाघूम माणूस निघाला. ब्लँकेट पांघरलेली एक म्हातारी बाई मघाशी आली होती, त्याचा पंजा धरून काहीतरी बोलली आणि पाळणाघराकडे गेली, असं त्याने सांगितलं.

पाळणाघरात माई होत्या. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, शाल खांद्यावर, आणि समोर दोन-तीन वर्षांच्या गोऱ्या मुलांची रांग. बाहेर खेळायला न्यायच्या आधी माई त्यांना हातमोजे घालत होत्या. "हा झाला. आता दुसरा हात दे. दे बघू शहाण्यासारखा." मुलं शहाण्यासारखी हात पुढे करत होती. तिथली बाई आम्हाला म्हणाली, "शी इज वंडरफुल. हूज ग्रँडमदर इज शी?"

कुमुदताई खाली बसल्या आणि आधी माईंचे पाय पाहिले. सपाता भिजून चिंब, मोजे गारठलेले. मोजे काढून एकेक बोट त्यांनी दाबून पाहिलं, रंग पाहिला, मग ती दोन्ही पावलं उचलून आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरली. माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अदबीने म्हणाल्या, "तुमचं मूल कुठलं हो यातलं?"

"मी तुम्हाला घ्यायला आले, माई," कुमुदताई म्हणाल्या.

"एवढे हातमोजे होऊ देत मग," माई म्हणाल्या. आणि कुमुदताई तेवढे हातमोजे होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. 

संध्याकाळी खिचडीवर सगळे जमले. श्रीकांतराव थंडीने गाल लाल होऊन आले होते, खूप चांगला दिवस गेला म्हणत होते. झालेलं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "पण कुमुद, दाराला साखळी लावायची ना. झोप लागणार हे माहीत असतं तुला."

अमेरिकन लोकांसमोर कुमुदताई नवऱ्याला नावाने हाक मारायच्या, आमच्यासमोर 'अहो'. त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, साखळी उद्या लावू. आज मला दुसरं सांगायचं आहे. मी संपले. माईंचं मी करणार नाही असं नाही. एकटी करणार नाही. उद्या सकाळपासून त्यांचं तुम्ही करा."

"अगं, मी कसं... मला ऑफिस असतं."

"मलाही असतं."

"बाईचं करायचं म्हणजे..."

"त्या तुमच्या आई आहेत," कुमुदताई म्हणाल्या. "मला त्या आज ओळखतही नव्हत्या."

 माझ्या नवऱ्याने ताटात मान घातली. मीना म्हणाली, "डॅड, आय कॅन हेल्प यू विथ हर हेअर." मग कुमुदताईंनी माईंना घास भरवला, आणि पुढचा भरवायच्या आधी चमचा श्रीकांतरावांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी उजळल्याबरोबर डोंगर नुसता चमकत होता. श्रीकांतरावांच्या स्कीज दाराशीच उभ्या राहिल्या. माईंना शॉवरची भीती वाटायची, पाणी बादलीत काढून हातावर आधी थेंब घालून दाखवावा लागे, हे त्यांना माहीत नव्हतं. आतून माईंचं ओरडणं ऐकू येत होतं. कुमुदताई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "बादली घ्या," एवढंच दाराबाहेरून म्हणाल्या. आत गेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने श्रीकांतराव भिजलेल्या शर्टातच बाहेर आले आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"हे रोज असतं?" त्यांनी मला विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

ते काही त्या दिवसापासून बदलून गेले असं नाही. कुरकुरायचे, विसरायचे, मीटिंगा निघायच्या. पण पार्सिपनीला परतल्यावर सकाळ त्यांची ठरली ती ठरली, आणि दुपारसाठी एक पोलिश बाई ठेवली. ओळखीतल्या दोघीतिघी मागे म्हणाल्या, सुनेने सासूला बाईच्या हवाली केलं. ते कुमुदताईंच्या कानावर गेलंच. "बोलून राहिल्या ना," त्या म्हणाल्या, "बोलू दे. त्यांनाही घटकाभर बसायला मिळत नसेल." पुढे काही काळाने माई गेल्या, घरीच, मुलाच्या हाताने पाणी पिऊन. भेटायला आलेले कुमुदताईंना म्हणायचे, सुटलात. त्या मला एकदा म्हणाल्या, "सुटायला कुठे बांधलं होतं मला त्यांनी? त्यांनी बिचाऱ्यांनी काही मागितलंच नाही कधी."

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आम्ही शेवटचे तिथे गेलो. श्रीकांतरावांची बदली टेक्सासला झाली होती, कुमुदताईंनाही तिथल्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती. त्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी स्वतःसाठी बूट भाड्याने घेतले. मी बूट चढवून दिले. छोट्यांच्या टेकडीवर पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत, पँट आणि मीनाचं जुनं जाकीट घातलेल्या कुमुदताई उभ्या राहिल्या. शिकवणारा गुडघे वाकवायला सांगत होता. त्या वाकवून घसरल्या, पाच-सात हात नीट गेल्या आणि मग पाय फाकून सपशेल पाठीवर पडल्या. बाजूने मुलं सरसर निघून गेली.

मी धडपडत त्यांच्यापर्यंत पोचले. त्या आडव्या पडल्या होत्या, टोपी निघालेली, केसांत बर्फ, डोळे टक्क उघडे.

"लागलं का, कुमुदताई? हात द्या."

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे थोडा वेळ."

"थंडी बाधेल."

"नाही बाधत. ऐक ना." मी ऐकायला लागले. लिफ्टची घरघर होती, खाली मुलांचा गलका होता, त्यात काही वेगळं ऐकू येईना.

"काय?" मी विचारलं.

"मला कोणी हाक मारून नाही राहिलं," कुमुदताई म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बर्फात बसले.