सूर्योदयाआधीचा मंगळवार

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बाबा पंचांग बघायचे. महाराष्ट्रातून काशीला आलेले लोक मुहूर्त विचारायला त्यांच्याकडे यायचे, आणि अलीकडे तर फोनच जास्त. "गुरुजी, दुपारचं विमान आहे, राहुकाळ तर नाही ना?" बाबा शांतपणे सांगायचे, "तुम्ही उंबरा त्याआधी ओलांडा. विमानाचं माझ्या हातात काही नाही."

विमानाचं माझ्या हातात यावं, असं मला वाटायचं. भौतिकशास्त्रात पदवी घेतली तेव्हा पुढे काय, तर बी.एड. आणि लग्न, एवढंच घरात ठरलेलं. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी देणारे अधिकारी असतात, त्यांची परीक्षा असते आणि आता मुलीही भराभर निवडल्या जातात, हे मला मैत्रिणीनं सांगितलं. तिचे वडील नागपूरकडून बदली होऊन इथे रेल्वेत आलेले. आम्ही दोघी तिच्या क्वार्टरमध्ये बसून अभ्यास करायचो. घरी कळलं तेव्हा माझी काकू म्हणाली, "पोरगी आता आकाशात शिपाईगिरी करणार." बाबा मात्र म्हणाले, "करू दे. वेळ सांगायचंच काम आहे, आपल्या घराण्याचंच."

अभ्यासात एक गोष्ट कळली, ती मी बाबांना सांगितली. जगभरची विमानं एकाच घड्याळावर चालतात. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, त्यामुळे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले की त्यांची तारीख बदलते. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. "अगं ऐक, विमानवालेसुद्धा आपल्या मध्यरात्रीला मानत नाहीत! पहाटेला दिवस बदलतात, आपल्यासारखा." मी खूप हसले होते.

पहिल्या दोन भरत्यांत मी लेखी परीक्षेतच पडले. मैत्रीण दुसऱ्या खेपेला निवडली गेली. तिसरी भरती आली तेव्हा वयाची अट मी दोनदा वाचली. अमुक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेले उमेदवारच चालतील, असं लिहिलं होतं, आणि ती तारीख नेमकी माझ्या जन्माची होती. म्हणजे मी बसत होते, अगदी काठावर. पण ही तारीख नगरपालिकेच्या दाखल्यावरची. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

ही करामत बाबांची. माझा जन्म बुधवारी पहाटे चारचा. दवाखान्यानं घड्याळ बघून बुधवार लिहिला. पण पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तोवर आदलाच दिवस चालू असतो. शाळेत नाव घालताना बाबांनी त्या वर्षीचं पंचांग उघडलं, मंगळवारसमोरची इंग्रजी तारीख बघितली आणि सुवाच्य अक्षरात ती फॉर्मवर उतरवली. खोटं त्यांनी आयुष्यात लिहिलं नाही, हेही खोटं नव्हतं. त्यांच्या हिशेबी मी मंगळवारचीच होते.

मी अर्जात नगरपालिकेची तारीख भरली. बाबांना विचारलंही होतं. "बेकारच घाबरतेस," ते म्हणाले. "एक सरकारी कागद दुसऱ्या सरकारी कागदाला खोटं कसं म्हणेल?" मला हे ऐकायचंच होतं, म्हणून मी ऐकलं. लेखी पास झाले. आवाजाची चाचणी पास झाले, तिथल्या बाईंनी उच्चारांचं कौतुक केलं. मग दिल्लीला कागदपत्रांची तपासणी. टेबलामागच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"जन्मतिथि दसवीं वाली मानी जाएगी," तो म्हणाला. "आप एक दिन से बाहर हैं."

मी पंचांग, सूर्योदय, सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, हसलाही नाही. "बेटा, नियम है," म्हणाला आणि फाइल बंद केली. बाहेर रांगेत वीसेक मुली होत्या. त्या आत जात होत्या आणि हसत बाहेर येत होत्या. त्या रांगेचा मला जेवढा राग आला तेवढा त्या माणसाचा आला नाही.

घरी येऊन मी बाबांना जे बोलले ते लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते. "तुम्ही मला एक दिवस आधी जन्माला घातलंत आणि त्या एका दिवसात मारून टाकलंत." माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी शाळेत तिचं वय चक्क वर्षभर कमी लावलेलं, पुढे कामाला येईल म्हणून. ती टॉवरमध्ये बसली. माझ्या बापानं प्रामाणिकपणे पंचांग बघितलं, आणि मी घरी. हेही मी त्यांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत माझ्या जन्मवर्षाचं पंचांग घालून ते प्रयागराजला दहावीच्या बोर्डाच्या कचेरीत गेले. असे तीनदा गेले. दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती, पण ते खिडकीपाशी उभे राहून त्या दिवसाचा सूर्योदय किती वाजून किती मिनिटांनी झाला ते कारकुनाला दाखवत राहिले. तिसऱ्या खेपेला मागच्या लोकांनी त्यांना रांगेतून बाहेर काढलं. हे मला आईनं सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याशी बोलत नव्हते.

पुढे बाबतपूरच्या विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर मला नोकरी लागली. लोकांचं ओळखपत्र बघायचं, बॅग वजनाला लावायची, हसायचं. चहाला बाहेर आलं की टॉवर दिसतो, मैत्रीण बसते तोच. पहिले काही महिने मी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचे. बाबांशी बोलणं पुन्हा सुरू झालं, पण जेवला का, औषध घेतलं का, इतपतच. त्यांनी मुहूर्त सांगणं कमी केलं. फोन आला की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला विचारा." मला ते बघवत नव्हतं आणि तरी मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की बाबा, जाऊ दे.

या हिवाळ्यात बाबा दवाखान्यातच वारले, बुधवारी पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. दुपारी मणिकर्णिकेवर चुलतभावानं अग्नी दिला. मग नोंदणीच्या खिडकीवर कारकुनानं मृत्यूची तारीख विचारली. चुलतभाऊही बाबांच्याच वळणाचा. "मंगलवार लिखिए," तो म्हणाला, "सूर्योदय से पहले गए हैं." कारकून पेन थांबवून आमच्याकडे बघत राहिला.

"बुधवार," मी म्हटलं. "सुबह चार बीस."

चुलतभावानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीवरून हात काढला नाही. आईच्या कागदांत पुढे घोळ नको, हे कारण मी नंतर सगळ्यांना दिलं, आणि ते खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात आई नव्हती. दिल्लीचं टेबल होतं. बाबांचा शेवटचा मंगळवार मी त्यांना दिला नाही.

तेराव्यानंतर कामावर गेले. मैत्रीण टॉवरमधून उतरून मला भेटायला आली. किती वाजता गेले, तिनं विचारलं. मी सांगितलं. सवयीनं तिनं मनातल्या मनात साडेपाच तास वजा केले आणि सहज म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे अजून मंगळवारच होता."