पितृपंधरवड्यात विकलेली मशीन

जुनं सामान विकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दोन वह्या केल्या. एक पाठवणीची, एक तक्रारींची. पाठवणीच्या वहीत वस्तू, गाव, कशाने पाठवली आणि शेरा. तक्रारींच्या वहीत माल पोचल्याची तारीख, तक्रारीची तारीख, तक्रार काय आणि निकाल काय. डोक्यातलं बदलतं, वहीतलं बदलत नाही, असं मी तेव्हा कुणालाही ऐकवायचे.

सुरुवात घरातल्याच सामानापासून झाली. बीडमध्येच आम्ही मोठ्या घरातून लहान घरात आलो. एक कपाट, एक कूलर आणि सासूबाईंची शिलाई मशीन जास्तीची झाली. मोबाइलवर फोटो टाकले, आठ दिवसांत तिन्ही वस्तू गेल्या. मग गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, आमचंही विकून द्या. वर्षभरात माझ्याकडे बहुतेक मशीनच यायला लागल्या, कारण घरोघरी एक तरी मशीन अशी असते जिच्यावर आता कुणी बसत नाही. मी त्या घ्यायचे, आमच्या मिस्त्रींकडून नीट करून घ्यायचे, चालवून व्हिडिओ काढायचे आणि विकायचे.

विकणं सोपं. विकल्यानंतरचं अवघड. पालीच्या एका माणसाने कूलर नेला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "पैसे वापस करा. हवा येती, पण गार न्हाई."

"पाणी टाकलं का?"

"पाणी बी टाकायचं का?"

कडा गावच्या एकाने मिक्सरच्या फुटक्या भांड्याचा फोटो पाठवला आणि पैसे परत मागितले. मी माझा फोटो मोठा करून पाहिला. माझ्या भांड्याच्या मुठीला टवका होता, त्याच्या फोटोतली मूठ साबूत होती. तसं कळवल्यावर त्याचा फोन पुन्हा आला नाही. आणखी एकाने उन्हाळाभर कूलर वापरून मृगात परत आणला, म्हणे आवाज करतो. त्या दिवशी मी नियम केला: माल पोचल्यापासून तीन दिवसांत तक्रार केली तरच ऐकली जाईल. प्रत्येक जाहिरातीच्या खाली तो लिहायला लागले. तेव्हापासून भांडणं कमी झाली आणि झाली ती मी जिंकत गेले. मला त्याची सवय लागली, हे कबूल केलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्याच्या तोंडावर माझ्याकडे पाच मशीन साठल्या. खोलीत चालायला जागा नव्हती. आमच्याकडे पितरांच्या पंधरा दिवसांत कुणी नवं काही घेत नाही, घेतलंच तर सुरू करत नाही. मी स्वतः त्या दिवसांत साधा झाडूसुद्धा आणत नाही. म्हणून तेवढ्या पंधरवड्यापुरती मी किंमत उतरवली. चार मशीन गेल्या. त्यातली एक सिरसाळ्याला गेली.

ती घेणारी बाई तिशीची असेल. फोनवर आधी नुसती चौकशी करत होती.

"ताई, ते कमी केलेलं खरं हाय का? का मागून वाढवून सांगताल?"

"खरं आहे. पंधरा दिवसच आहे."

"मग मला एक ठिवा. मी शिवणाचा क्लास केलाय. दहा-बारा बायांनी ब्लाऊजपीस आणून दिल्यात. दरसाल आमी दोघं तोडीला जातो. औंदा मी न्हाई जायची."

ऊसतोडीला मुकादमाच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, तुमी जावा अर्ध्यावर, मी शिवण करून घर चालवते. कारण मुलगी. मुलगी सातवीत होती आणि दरवर्षी दसऱ्यापासून तिची शाळा बुडत होती, कारण घरी मागे थांबायला कुणी नव्हतं.

"मशीन चालली तर मुकादमाला न्हाई म्हणायला तोंड ऱ्हाईल," ती म्हणाली. "आता नेऊन ठिवते, स्वस्त हाय तवर. पण पितरं चालू हायत. घट बसल्यावरच सुरू करीन."

"करा की," मी म्हणाले. हातात पेन होतं, पाठवणीची वही समोर होती, ऐकलं ते लिहिलं आणि पुढचा फोन घेतला.

घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, टाका सुटतोय."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. सुई उलटी बसलीय का? दोरा कुठला? बॉबिन नीट भरलीय का? तिने सगळं बघितलं होतं. मी तक्रारींची वही उघडली. माल पोचून बारा दिवस झाले होते.

"मुदत तीन दिवसांची होती," मी म्हणाले. "जाहिरातीत लिहिलेलं आहे."

"पण पितरं होती ना, ताई. मी उघडलीच न्हाई. कालच पूजा करून सुरू केली. मी फोनवर सांगितलतं तुमाला."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. मी सांगितलतं."

मला खरंच आठवत नव्हतं. दिवसाला वीस-पंचवीस फोन यायचे. मी तिला आमचा व्हिडिओ पाठवला, त्यात मशीन सुरेख चालताना दिसत होती. तिने उलट एक व्हिडिओ पाठवला. अंधूक खोली, मशीनच्या मानेवर हळदीकुंकवाची बोटं, मागे घटाची परडी आणि कापडावर मधेमधे सुटलेले टाके. मला तो पुरावा वाटला नाही. नवशिक्या हाताने टाका सुटतोच, असं मी तिला लिहून कळवलं. हे वाक्य मी आज वाचू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "कावून असं करायला लागलात तुमी? पैसे नका देऊ. मशीन बदलून तरी द्या. मुकादम रोज दारात यायलाय, त्याला काय सांगू?"

"मुकादमाशी माझा संबंध नाही," मी म्हणाले.

मिस्त्री समोर बसून दुसरी मशीन उघडत होते. म्हातारा माणूस, सगळं ऐकायचे आणि मान वर करायचे नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बाई, मी जाऊन बघून येऊ का? सिरसाळा काय लांब न्हाई."

"नको. एकाला सोडलं की सगळे येतात."

"तुमचे नियम लई कडक," ते म्हणाले. "ह्याच्यापरीस माझी बायको बरी."

मी हसले आणि दोन्ही नंबर ब्लॉक केले. तक्रारींच्या वहीत निकालाच्या रकान्यात लिहिलं: मुदतीबाहेर, नामंजूर.

कोजागरी झाली. दिवाळीच्या आधी मी जुन्या गिऱ्हाइकांची यादी करते, कुणाला काय लागेल ते विचारायला. त्यासाठी पाठवणीची वही काढली आणि पितृपंधरवड्याच्या पानावर आले. सिरसाळा. स्टँडची मशीन. टेम्पोने. आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात, "घटाला सुरू करणार." खाली रेघ. मी रेघ महत्त्वाच्या गोष्टीखालीच मारते.

म्हणजे तिने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं आणि महत्त्वाचं आहे हेही मला कळलं होतं. फक्त भांडण आलं तेव्हा मी दुसरी वही उघडली. आणि किंमत उतरवली होती ती तरी कशासाठी? त्या पंधरा दिवसांत कुणी मशीन सुरू करणार नाही, हे मला माहीत होतं म्हणूनच.

मी दोन्ही नंबर मोकळे केले आणि लावून बघितले. तिचा बंद होता, त्याचा लागत नव्हता.

मिस्त्रींना तिचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. "बॉबिनभोवतीचं शटल झिजलंय."

"मग आपण चालवली तेव्हा कशी चालली?"

"आपण कशावर चालवतो? त्या रुमालाच्या तुकड्यावर. एकपदरी. ब्लाऊजला अस्तर असतं, बाई. शिवणीवर चार पदर येत्यात. तिथं सोडणार ती."

तो तुकडा दोन वर्षं माझ्या टेबलावर होता. प्रत्येक मशीन मी त्याच्यावर पास केली होती. आणि ह्या बाईला मी नवशिकी म्हटलं होतं.

मिस्त्री येतो म्हणाले, पण मला एकटीनेच जायचं होतं. त्यांनी नवं शटल दिलं आणि बसवायचं कसं ते दोनदा करून घेतलं. पर्समध्ये शटल, पेचकस, तेलाची बाटली आणि जाड कापडाचा तुकडा घेऊन मी सकाळच्या परळी गाडीने निघाले. सिरसाळ्यात उतरून विचारत विचारत घर गाठलं. दाराला कुलूप होतं, त्याला फडक्याची चिंधी गुंडाळलेली होती. पावसापाण्यात महिनोन्‌महिने राहायच्या कुलपाला गुंडाळतात तशी.

शेजारची बाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने माझ्याकडे, माझ्या पर्सकडे बघितलं. "तुमीच का त्या मशीनवाल्या?"

"हो."

"लई उशीर केलात, बाई. दसऱ्याच्या चौथ्या दिशी ट्रक लागला. गेले समदे."

"मुलगी?"

"तिला कुणापाशी ठिवणार? नेली." तिने सूप खाली ठेवलं. "ब्लाऊजपिसं घरोघर वापस दिली तिनं. एकीचा ब्लाऊज अर्धा झालता, तो रात्रंदिस बसून हातानं पुरा केला. टाका सुटतोय म्हणून हातानं. आमी म्हणलं, अगं दे तसाच. तर म्हणती, पहिलं गिऱ्हाईक हाय."

मशीन तिने ह्या शेजारणीच्या घरात ठेवली होती, जुन्या लुगड्याने झाकून. लुगडं काढलं. मानेवरचं हळदीकुंकू तसंच होतं, वाळून पिवळट-तांबडं झालेलं. मी खाली मांडी घालून बसले, झाकण उघडलं, जुनं शटल काढलं, नवं बसवलं, तेल दिलं. मिस्त्रींना दहा मिनिटं लागतात, मला अर्धा तास लागला. जाड कापडाची चौपदरी घडी घातली आणि पायडल मारलं. टाका या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पडला.

शेजारीण उभी राहून बघत होती. "एवढंच होतं व्हय?"

"एवढंच," मी म्हणाले.

तिच्याकडे तिकडच्या टोळीतल्या कुणाचा तरी नंबर होता. तिने लावला, बोलवायला सांगितलं आणि आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने त्या बाईचा आवाज आला, धाप लागलेला. मागे माणसं ओरडत होती, ट्रॅक्टर चालू होता.

"ताई? तुमी गावाकडं आलात?"

मी सांगितलं, मशीन नीट झाली. चूक माझी होती, दोष मशीनमध्येच होता. पैसे सगळे परत देते, मशीनही राहू द्या.

"पैसे द्या न देऊ, आता काय," ती म्हणाली. "मशीन नीट झाली म्हणताय ना? झाकून ठिवा. चैतात येते." मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "तुमी बी काय करणार. तुमचा नियम हाय."

"माझ्या वहीत लिहिलेलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही घटाला सुरू करणार हे. मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं."

"मग?"

एवढंच विचारलं तिने. रागाने नाही, खरंच कळत नाही म्हणून. मी मुलीचं विचारलं. "हाय की, इथं आमच्या कोपीवर, झोपडीत. बारकं लेकरू सांभाळती मुकादमाच्या मेव्हण्याचं." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या नवऱ्याच्या खात्यावर सगळे पैसे पाठवले. त्याने घेतले. माझा नियमही बदलला. मुदत आता वस्तू सुरू केल्यापासून धरते आणि प्रत्येक मशीन चार पदरांवर चालवून बघते. रुमालाचा तुकडा मिस्त्रींनी हात पुसायला घेतला. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमचा व्यवहार फार चोख.

चैत्रात ती गावी आली असणार. मी दोनदा फोन उचलला आणि ठेवला. जून संपता संपता तिचाच आला.

"ताई, टाका मस्त पडतोय बरं का. सुया हायत का तुमच्याकडं? सोळा नंबरच्या. जाड कापडाला लागत्यात."

"आहेत. उद्याच पाठवते. काम मिळतंय ना?"

"लई मिळतंय. मी एकटी कुठं, पोरगी बसती ना मशीनवर. हात लई चांगला बसलाय तिचा, माझ्यापरीस."

"आणि शाळा?"

"नाव घातलं आठवीत. जात न्हाई म्हणती. मधलं काहीच येईना, पोरी हसत्यात म्हणती. राहिली घरी. कामाला तरी लागली." मग तिने हसतच विचारलं, "आन ताई, सुयांना बी तीनच दिवसांची मुदत का?"

मी हसले. तिच्या मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता, सलग, कुठेही न अडखळता. सकाळचे साडेअकरा झाले होते. शाळेची वेळ होती.