रुमालातलं चुंबक

काका गाडी बघायला गेले की आधी खिसा चाचपायचे. खिशात रुमालात गुंडाळलेलं चुंबक असे. ते जुन्या गाडीवर हळूच टेकवायचं. खाली पत्रा असेल तर चिकटतं. गंज झाकायला पुट्टी भरली असेल तर सुटून पडतं. "माणसांना विचारून झालं," ते म्हणत, "आता पत्र्याला विचारू."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, दुधाची तारीख दोनदा वाचणारा. हा कॅनडातल्या विनिपेगचा. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट.

माझं बालपण नागपुरात वडिलांच्या चळवळीची पत्रकं वाटण्यात गेलं. त्यामुळे आठ सिलिंडरची, दोनच दारांची अमेरिकन गाडी हवी म्हणणारा निवृत्त इंजिनिअर मला संशयास्पद वाटे. एवढं पेट्रोल जाळून जायचं कुठे? मी तसं पत्रकच लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं, रुमाल सोडला आणि कागदावर चुंबक टेकवलं. चिकटलं.

"पक्कं आहे," ते म्हणाले. "पण मागचा पत्रा तुझ्या वडिलांचा."

दोन दिवस मी बेसमेंटमधून वर गेले नाही.

त्यांनी दोन गाड्या हेरल्या होत्या, लाल कॅमारो आणि निळी मस्टँग, दोन्ही एकोणसत्तर सालच्या. कॅनडात नवे असताना कारखान्याच्या पार्किंगमधून अशाच गाड्यांच्या कडेने ते बसस्टॉपकडे चालत जात. दर शनिवारी मी सोबत असे, नजर ठेवायला.

कॅमारोचा मालक म्हणाला, "झिरो रस्ट, सर." मागच्या चाकाजवळ चुंबक सुटून काकांच्या बुटावर पडलं. काका थँक यू म्हणून निघाले.

मस्टँग गावाबाहेरच्या एका आजीबाईंची. त्यांनी आपणहून वाकून दाराखालचा गंज दाखवला. कुणालाही हायसं वाटलं असतं. काकांना नाही. "एक खोट दाखवतेय, म्हणजे दुसरी झाकतेय." हे मला पटलं, सरकारंही तेच करतात. आम्ही तीनदा गेलो.

तिसऱ्यांदा बाईंनी चुंबक त्यांच्या हातातून काढून घेतलं. तुम्ही गाडी तीनदा तपासलीत, त्या शांतपणे म्हणाल्या, मी तुम्हाला एकदाही तपासलं नाही. माझ्या नवऱ्याची गाडी आहे. तुम्हाला का देऊ?

काकांनी बोनेटवर हात टेकवला. मग म्हणाले, "माझे डोळे जातायत. डॉक्टर फक्त दिवसा चालवू देतात. पुढच्या वर्षी लायसन्स मिळणार नाही. एकच उन्हाळा आहे."

वर्षभर एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. बाईंनी चुंबक आणि किल्ली एकदमच त्यांच्या हातावर ठेवली. घरी आल्यावर काकांनी चुंबक फ्रिजवर, माझ्या पत्रकावर लावून टाकलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही रोज दुपारी कुठेही न जाता फिरून आलो. शेजारच्या सीटवरून मी पेट्रोलवर भाषण द्यायचे. ते काच खाली करायचे.

पुढच्या वसंतात मुलगा त्यांना व्हँकुव्हरला घेऊन गेला. गाडी विकायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर एवढंच म्हणाले, "आधी गंज दाखव."

एक तरुण आला. मी वाकून दाराखालचा गंज दाखवला. त्याने गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, आणखी काय आहे?

काही नाही, मी म्हणाले. त्याला ते खरं वाटलं नाही, हे मला लगेच कळलं.

मी आत गेले. फ्रिजवर माझं पत्रक अजून त्या चुंबकाखालीच होतं. ते काढलं, चुंबक रुमालात गुंडाळलं आणि बाहेर येऊन त्याच्या हातात दिलं.