हरभऱ्याच्या शेवटच्या ओळी

टुंड्रा मी कधीच पाहिलेला नाही. तिथली माती मात्र रोज हाताळते. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती गोठलेल्या डब्यांतून येते. कोणीतरी तिकडे थंडीत कुडकुडत ती खणलेली असते, आणि मी केडगावहून डेमू गाडीने येऊन, डोळ्यांवरची झोप आवरत, तिच्यातले जिवाणू शोधत बसते. बरीच वर्षं झाली. आता कंटाळा आलाय असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

त्या प्रदेशात उन्हाळ्याचे थोडे आठवडे जमिनीचा वरचा थर वितळतो. खाली बर्फच. थंडीमुळे पालापाचोळा लवकर कुजत नाही, म्हणून झाडांना नत्राची कायम ओढाताण. मग तिथलं शेवाळ आणि काही बुटकी झुडपं जिवाणूंना आपल्यात जागा देतात, खायला साखर देतात. जिवाणू हवेतलं नत्र पकडून त्यांना परत करतात. वरून खत घातलं, की हा व्यवहार मंदावतो. आयतं मिळत असेल तर साखर कोण वाटत बसेल?

आमच्या घरी मात्र वेगळाच घोर होता. नदीपलीकडचा, शिरूरच्या बाजूचा एक वीटभट्टीवाला वडिलांकडे खेटे घालत होता. त्याला आमच्या तुकड्याची वरची माती हवी होती. वडिलांना मी आबा म्हणते. त्यांचं लहानपण मेंढरांमागे गेलं. पुढे शेताला पाणी आलं, तसं घर एका जागी बसलं आणि त्या तुकड्यात ऊस, ऊस आणि ऊसच झाला.

"माती मेलीया," आबा म्हणाले. "मेल्याली माती ठिवून काय करायचं? न्हेऊ दे त्याला."

एकदा जेसीबी लागला की ती माती माझ्या जन्मात परत येणार नव्हती. भांडायची ताकद नव्हती, म्हणून मी एवढंच म्हणाले, "एक हरभरा करू. मुळावर जिवाणूच्या गाठी आल्या तर जमीन जित्ती. न्हाई आल्या तर तुमी म्हणाल तसं."

आबा कबूल झाले. भट्टीवाल्याला महिन्याभराने या म्हणून सांगितलं. मी गुळाच्या पाण्यात जिवाणूंचं पाकीट कालवलं, बियाण्याला चोळलं, सावलीत वाळवलं. बाहेरून दिलेला जिवाणूही जित्या मातीतच तगतो. आबांनी पेरलं. आबांना बजावलं, की सुरुवातीला रोप पिवळट दिसेल, गाठी धरेपर्यंत त्याला उपाशी राहू द्यायचं. त्यांनी मान हलवली.

मग माझी गाडी आणि माझे डबे. शेताकडे फिरकायला वेळ मिळत नव्हता, आणि रविवारी उठवत नव्हतं.

महिना होत आला तेव्हा गेले. हरभरा हिरवागार. खरं तर इतका हिरवा तो अजून व्हायलाच नको होता. खुरप्याने एक रोप मातीसकट काढलं, बादलीत बुचकळलं. मूळ गुळगुळीत. दुसरं काढलं, तिसरं काढलं. एकही गाठ नाही.

आबा बांधावर बसून बघत होते. "म्हंजी मेलीच म्हणायची," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

"आबा, युरिया टाकला व्हय तुमी?"

ते गवताची काडी मोडत राहिले. "पिवळं पडलं हुतं गं. बघवंना. जरा जरा मुठीनं टाकला."

मला राग यायला हवा होता. आला नाही, एवढी मी दमले होते. त्यांच्या शेजारी बसले आणि समजावत राहिले, की आयतं मिळाल्यावर मूळ जिवाणूला घरात घेत नाही, म्हणून जमीन मेली असं यातून ठरत नाही.

आबांनी हातातली काडी टाकून दिली. "बाटलीवर वाढल्यालं कोकरू," ते हळूच म्हणाले. "ते पुना मेंढीला लुचत न्हाई. आमी एवढी मेंढरं राखली, आन् हे कसं ध्यानात आलं न्हाई माझ्या?"

उद्या भट्टीवाला येणार होता. पुन्हा पेरायला ना हंगाम उरला होता, ना माझ्यात जीव. उठता उठता सहज विचारलं, "समद्या रानात टाकला?"

"न्हाई. गुडघा धरला माझा. नदीकडच्या चार-दोन वळी ऱ्हायल्या."

त्या ओळी लांबूनही ओळखू येत होत्या. खुरटलेल्या, पिवळसर, कोणालाही दया यावी अशा. मी रोप काढलं, धुतलं. मुळाला बारीक गाठी लगडलेल्या होत्या. एक नखाने फोडली. आत गुलाबी. आतला जिवाणू कामाला लागल्याची ती खूण. मला रडू आलं, आनंदापेक्षा दमल्यामुळे जास्त.

आबांनी माझं ते नख आपल्या डोळ्यांजवळ धरलं. मग खिशातून फोन काढून भट्टीवाल्याला लावला. "उद्या येऊ नका. माती देयाची न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "जित्ती हाय," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

ऊन कलायला लागलं होतं. सकाळी मला गाडी होती. "चला घरी," मी म्हणाले.

"तू जा. मी बसतो हितं."

"काय करणार बसून?"

त्या पिवळ्या ओळींवरून त्यांची नजर हटत नव्हती. दोन्ही हात त्यांनी काखेत गच्च धरले होते.

"काय बी करायचं न्हाई," आबा म्हणाले. "तेच शिकतोय."