वहिनीसाठी ठेवलेली कलेजी

मटणवाल्या काकांनी आज न विचारताच कलेजीची वेगळी पुडी माझ्या हातात ठेवली. "वहिनीसाठी काढून ठेवलीय. पोटातल्या बाळाला रक्त नको का?"

ते बाळ पोटातच गेलं, हे मला इतक्या गिऱ्हाइकांसमोर सांगता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

घरी वहिनीने पुडी उघडली आणि तवा ठेवला. हळद, मीठ, ठेचलेला लसूण. कलेजीला फार आच सोसत नाही, जरा जास्त झाली की ती चिवट होते. आमच्या घरात कुणी कुणाला कशी आहेस असं विचारत नाही. आम्ही ताटात वाढतो. पण ज्याच्यासाठी एवढं वाढलं तोच आला नाही, तर ती माया आता कुठे ठेवायची, हे आम्हाला कुणालाच समजलेलं नाही.

जेवताना आईने सवयीने सगळी कलेजी वहिनीच्या ताटात वाढली.

"आई, आता कशाला?"

आईचा हात थांबला. "अगं, तुझ्यासाठी," ती म्हणाली. "आधीसुद्धा तुझ्यासाठीच होती."

वहिनीने एक तुकडा तोंडात घातला आणि कितीतरी वेळ तो नुसता चावत राहिली.