पहिला गिलास शांतामावशींचा

आमच्या स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुनी हजेरीची रजिस्टरं कोंबलेली आहेत. एक ओढलं की पाच अंगावर येतात. आमच्या शरबताच्या किश्श्यांचंही तसंच आहे. परवा एका लग्नात कोणीतरी माझ्या हातात निंबूशरबताचा गिलास दिला अन् मी एकटीच खुदूखुदू हसायला लागले. शेजारची बाई घाबरली. "काय झालं जी मॅडम?" आता तिला काय सांगू अन् कुठून सांगू? तुम्हालाच सांगते, बसा.

आमची शाळा मराठी माध्यमाची, आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातल्या (मंडल म्हणजे आमचा तालुका) सीमेवरच्या एका गावात. स्टाफरूमच्या एका खिडकीत तेलंगणाचं नेटवर्क येतं, दुसरीत महाराष्ट्राचं. स्टाफ चार जणांचा. हेडसर गंगाधर, घरी कापसाची शेती, पण बोलणं सगळं कचेरीतलं. मिलिंद सर विज्ञान शिकवतात, श्रीलता मॅडम तेलुगू. अन् चौथी मी.

मार्चच्या मधात अर्ध्या दिवसाची शाळा सुरू झाली की आमचा एक नियम सुरू होतो. पाळीपाळीने एकेकाने घरून फळाचं निंबूशरबत करून आणायचं. शाळा सुटली की ते प्यायचं अन् मगच उन्हात पाय टाकायचा. पहिला गिलास मात्र शांतामावशींचा!

मावशी म्हणजे शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या. अकरा वर्षं झाली त्यांना, पण या अकरा वर्षांत आमच्या कोणाच्याच शरबताला त्यांनी चांगलं म्हटलं नाही. फारच खूश झाल्या तर म्हणायच्या, "पिता येते." हे ज्याला मिळालं तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरायचा.

*

एकदा हेडसरांनी टरबुजाचं आणलं. टरबूज बियांसकट मिक्सरातून काढलं, वर चार निंबं पिळली अन् गाळायचं विसरले. मग तो कॅन गाडीला बांधून खड्ड्याखड्ड्यांतून शाळेत आणला. रंग असा झाला होता की श्रीलता मॅडमनी विचारलं, "सर, आज चहा आणला का?"

मावशींनी एक घोट घेतला. "काय जी सर, टरबूज आणलं का टरबुजाचा पंचनामा?"

मग दुसरा घोट घेऊन जरा थांबल्या. "अन् हे बोअरचं पानी नाही. टाकीत बसलेलं शिळं पानी हाय. मोटर बिघडली का तुमची?"

 हेडसरांची मोटर खरंच दोन दिवसांपासून बंद होती! "कबूल," एवढंच बोलले बिचारे.

*

मिलिंद सरांचं सगळं काम मापाने. प्रयोगशाळेतलं एक मापाचं भांडं त्यांनी घरी शरबतासाठीच ठेवलंय म्हणतात. त्यांनी ठरवलं, अननसाचं निंबूशरबत करायचं, पण सोड्याचं, बाजारात मिळतं तसं. अननसाचा रस, निंबाचा रस, साखर, सगळं मोजून बाटलीत घातलं. वरून खायचा सोडा टाकला अन् झाकण गच्च पिळून बसमध्ये बसले. बाटली मांडीवर.

गावाच्या अलीकडच्या वळणावर बसला मोठा दणका बसला. फाट्! ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "टायर गेला!" म्हणून सगळी बस खाली उतरली. कंडक्टर चारी बाजूंनी फिरला, लोकांनी टायरांना लाथा मारून पाहिल्या. टायर सगळे धडधाकट.

अन् आमचे मिलिंद सरसुद्धा सगळ्यांबरोबर वाकून टायर बघत होते! शर्टावर अननस, हातात बिनझाकणाची बाटली. कोणाला बोलायची छाती झाली नाही त्यांची.

बाटलीत उरलं होतं ते मावशींना दिलं. "साबनाचं पानी हाय," असं म्हणून त्यांनी ते कण्हेरीच्या झाडाला घातलं.

*

आता पुढचं ऐका, कारण इथून आमचं हसणं जरा कमी झालं.

यंदा मार्चमध्ये मावशींना ताप आला. आठ दिवस बिछान्यावर होत्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला, पण आल्या आल्या पदर खोचून चुलीपाशी. शाळेत नियम आहे, पोरांना वाढायच्या आधी एका मास्तराने जेवण चाखायचं अन् रजिस्टरात सही करायची. त्या दिवशी हेडसरांनी वरण चाखलं. डोळे मिटले. एक तांब्या पाणी प्याले. मग दुसरा तांब्या प्याले. सही करताना त्यांचा हात थांबला. शेवटी स्वतःच उठून वरणात पाणी ओतून आले.

त्या दिवशी पाळी श्रीलता मॅडमची होती. कैरी उकडून, गूळ घालून, वर निंबू पिळून आणलं होतं. आम्ही सगळे शिव्या खायला तयारच असायचो ना, तशा त्या गिलास पुढे करून उभ्या होत्या. मावशींनी गिलास रिकामा केला, पदराने तोंड पुसलं अन् म्हणाल्या, "चांगलं हाय."

 श्रीलता मॅडमनी छातीला हात लावला. "अय्यो! मावशी, काय झालं तुम्हाला?"

मावशी बाकावर बसल्या. "जिभेले काहीच समजून नाही राह्यलं मॅडम. मीठ घ्या का माती घ्या, एकच लागते."

गिलास खाली ठेवून म्हणाल्या, "सुट्ट्या लागेपर्यंत पाहतो. नाही जमलं तं पळी सरायच्या टेबलावर ठेवून जातो. जिभेबिगर रांधनं म्हणजे पोरायले फसवनं हाय."

मला सांगा, ही बाई गेली असती तर आमच्या शाळेत उरलं काय असतं? भिंती अन् ते कपाट!

*

तोवर मावशींच्या जिभेचं काम आम्ही वाटून घेतलं. पहिल्या दिवशी मी. मोठ्या पातेल्यासमोर उभी राहिले. मावशी मीठ टाकायच्या अन् विचारायच्या, "आता?" मी म्हणायची, "थोडं अजून." घरी आम्ही तीन माणसं. एवढ्या मोठ्या भाजीचा मला काय अंदाज? सहा वेळा "थोडं अजून" म्हटलं अन् सातव्यांदा चाखून बघितलं तर डोळ्यांत पाणी आलं.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडता काऊन मॅडम? मी मेलो नाही अजून."

हेडसरांनी रजिस्टरात लिहिलं, "चाखले. मंजूर." अन् दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, पण आंबट-तिखट, उग्र वासाचं काहीबाही रोज चाखवत राहा. झालं! आमच्या शरबताला कामच मिळालं. आता आम्ही शरबत नव्हे, औषध करत होतो.

मिलिंद सरांनी कवठाचं आणलं. मग द्राक्षाचं आणलं, त्यात आलं एवढं की माझे कान गरम झाले. श्रीलता मॅडमनी पेरूच्या निंबूशरबतात माहेरचं लाल तिखट टाकलं. हेडसरांनी अर्धा गिलास घेतला अन् त्यांचा आवाज गेला. शाळेला कुलूप लावायला सांगायचं होतं, ते हातवारे करून सांगितलं त्यांनी.

मावशींनी तेच शरबत गिलासभर पिऊन टाकलं. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

"चांगलं हाय."

श्रीलता मॅडम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं होतं अन् आम्हाला दाखवायचं नव्हतं.

*

मग हेडसरांनी हुकमाचा पत्ता काढला. मोहफुलं! "मोहाचा वास जिले येत नाही तिले काय येईन?" म्हणाले. बायकोकडून मोहफुलं भिजवून घेतली, कुस्करून त्यात निंबू अन् गूळ घातला. आदल्या सकाळी भिजवलेली फुलं, वरून गूळ, अन् तो कॅन सर खिडकीत उन्हात ठेवून वर्गावर गेले. आम्ही विज्ञानाचा मास्तर पाळलेला आहे, पण तो त्या दिवशी रजेवर.

अकरा वाजता मंडलाचे साहेब तपासणीला आले. न सांगता! सरांनी स्वागताला धावता धावता कॅनचं झाकण उघडून "कसं झालं" म्हणून दोन घोट चाखले होते. साहेब खुर्चीत बसले, नाक वर केलं. खोलीभर मोहाच्या दारूचा वास. त्यांनी आधी कॅनकडे बघितलं, मग सरांकडे. आमचे सर जन्मात सुपारी न खाल्लेले! घाम फुटला त्यांना.

"साब, ये निंबू का शरबत है," सर म्हणाले.

साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. "सब ऐसाइच बोलते!"

बरं, साहेब दिलदार निघाले. मावशींची हकीगत ऐकली, कॅन दूर न्यायला लावला अन् जाताना सांगून गेले की पुढच्या वेळी फुलं भिजवू नका, भाजा. मावशींना एक चमचा दिला होता. काय म्हणाल्या असतील? तेच!

*

आता शेवटच्या दिवसाचं. पाळी माझी.

आदल्या दिवशी माझी आदिलाबादला पेपर तपासायची ड्युटी होती. घरी पोचायला दिवेलागण झाली. घरात निंबू नाही. गावात गेले तर लग्नसराईत दुकानातली निंबं संपलेली. दुकानदाराने निंबूसताची पुडी पुढे केली. घरी फ्रिजमध्ये बाजारच्या संत्र्याच्या सरबताची बाटली पडून होती. सकाळी कॅनमध्ये पाणी, ती बाटली, ती पुडी अन् वरून मूठभर साखर. झालं शरबत! वर कुंडीतल्या पुदिन्याची चार पानं टाकली. दिसायला झकास.

मनात म्हटलं, मावशींना कुठं समजणार आहे? असं माझ्या मनात आलं होतं, आज कबूल करते. त्या वेळी लाज वाटली, अन् तरी तोच कॅन घेऊन बस पकडली.

शाळा सुटली. पोरं "सुट्टी! सुट्टी!" ओरडत पळाली. मावशी आत आल्या. हातात ती मोठी पळी, राखेने घासून लखलखीत केलेली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ती हेडसरांच्या टेबलावर ठेवली.  सर पळीकडे बघेनात, छताकडे बघत होते. मिलिंद सर उगाच बॅगेची चेन लावत होते.

मी पहिला गिलास भरला.  मावशींनी घेतला, तोंडाला लावला.

एक घोट. थांबल्या. गिलासात डोकावून बघितलं. दुसरा घोट तोंडात फिरवला, उठल्या, खिडकीपाशी गेल्या अन् पचकन् बाहेर थुंकल्या! तेलंगणाच्या नेटवर्कच्या खिडकीतून.

"कोनी केलं हे?"

मी कॅनचं झाकण लावायला लागले.

"मी इचारून राह्यलो, कोनी केलं? यात निंबू कुठी हाय? हे तं निंबूसत हाय! अन् संत्र बाटलीतलं. साखर वरून अजून टाकली. पुदिना तेवढा घरचा." मावशी माझ्याकडे वळल्या. "काऊन जी मॅडम? येवढ्या शिकलेल्या तुमी. एक निंबू नाही भेटला तुमाले? हे पाजता मानसाले?"

श्रीलता मॅडमनी माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. मिलिंद सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, अन् मी हसत होते. उभ्या जन्मात इतकी बोलणी खाऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं!

हेडसर खुर्चीतून उठले. "मावशी," ते म्हणाले, "अजून सांगा. अजून काय काय खराब हाय यात?"

"सगळंच खराब हाय!" असं म्हणून मावशींनी टेबलावरची पळी उचलली, फडकं काखेत मारलं अन् दाराकडे निघाल्या. उंबऱ्यावर थांबून मागे वळल्या.

"सुट्टीत घरी येजा मॅडम. निंबू पिळाले शिकवतो तुमाले."